चालून दाखवा

"स्वल्प नडेदु तोरिसी."

जरा चालून दाखवा. बसवनगुडीतल्या एका ऑफिसात मालक मला कानडीत असं म्हणाला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. जागा ड्राफ्ट्समनची. काम बसून करायचं. मी दारापासून खिडकीपर्यंत चाललो, परत आलो. पोलिओचा डावा पाय, मागून फरफटणारी चप्पल. टायपिंग करणाऱ्या दोघी हात थांबवून बघत होत्या.

"कळवतो," मालक म्हणाला. कळवलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. लाज वाटायची. पण त्याहून मोठी लाज पुढची आहे.

राजाजीनगरात माझा कारखाना आहे. इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्यांत वायरी जोडतो. बावीस माणसं. डाव्या बुटाला जाड तळ लावून घेतलाय, लांबून कळत नाही. तीन वर्षांपूर्वी सुमन काम मागायला आली. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातली. आयटीआय झालेली. काखेत कुबडी. माझं ऑफिस वर. ती जिना चढून आली, घाम पुसला, फाइल पुढं ठेवली. मी फाइल उघडलीच नाही.

म्हणालो, "जरा चालून दाखवा."

शब्द तेच. माझ्याच तोंडातून.

"अण्णा, वायरी बसूनच जोडायच्या ना?" मग तिनं माझ्या बुटाकडं बघितलं. "तुम्हाला कुणी असं चालायला लावलं होतं का?"

मी म्हणालो, "कळवतो."

सतरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर कुबडी टेकल्याचा आवाज मी खुर्चीत बसून ऐकला. उठलो नाही.

गेल्या महिन्यात आमच्या कारखानदारांच्या संघाची बैठक झाली. अपंगांना कामावर घेताना डावलण्याविरुद्धचा कायदा आणखी कडक करा, छोट्या कारखान्यांनाही नकाराचं कारण लेखी द्यायला लावा, अशी मागणी अपंगांच्या संघटनांकडून पुढं आली होती. संघानं सरकारला द्यायचं विरोधाचं पत्र तयार ठेवलं होतं. अध्यक्षांनी पेन माझ्या हातात दिलं.

"पहिली सही तुझी. तुझा पाय बघितल्यावर आम्हाला कोण बोलेल?"

सगळे हसले. म्हणजे पुन्हा चालून दाखवायचं. या वेळी त्यांच्यासाठी.

मी पेनाला टोपण लावलं. "मी नाही करणार."

"अरे, कायदा झाला तर पहिला तूच अडकशील."

"अडकायलाच हवं."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मग जुन्या अर्जावरून नंबर काढून सुमनला फोन केला. माफी मागितली. काम देतो म्हणालो. कायद्याच्या बाजूनं पत्र लिहितोय, त्यात त्या दिवसाचं लिहू का, विचारलं.

"लिहा. माझ्या नावासकट लिहा," ती म्हणाली. "पण कामाला येणार नाही. तो जिना मी पुन्हा चढणार नाही, अण्णा."

फोन ठेवला तिनं.

मुलाखतीचं टेबल मी आता खाली आणलंय. पण ते माझ्या मर्जीनं. मर्जीचा भरवसा नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? स्वतःचा पाय असा असूनही ज्याला कळलं नाही, त्याच्या मनावर कुणाची भाकरी सोडायची नाही. हेच लिहिलंय. खाली माझी सही, कारखान्याचा शिक्का.

उद्या माझं मन पुन्हा फिरलं, तर कायद्यानं माझा हात तिथंच धरला पाहिजे.