तात्यांची पदकं

मंडळी, आज सकाळची गोष्ट ऐका.

कळस गावचे माझे चुलते, तात्या, पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला लढलेले शिपाई. पुढं साखर कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. खोकल्यानं बेजार झालेत म्हणून सकाळी त्यांना बैलगाडीतून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून तात्यांनी कोटाला पदकं लावली होती.

कंपाउंडर ती बघूनच म्हणाला, "तुमी पलटणीचे. पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात जावा."

गेल्या महिन्यात तिथूनच "तुम्ही कारखान्याचे" म्हणून परत धाडलं होतं.

परतताना तात्यांनी पदकं काढून खिशात टाकली. "उद्या असाच येतो रं. नुसता आजारी म्हातारा दिसलो, तर बघत्याल का?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणी देईल?