रिकाम्या डब्यातून उतरताना

आमच्या कारशेडमधली सर्वांत जुनी लोकल भंगारात निघाली, त्या दुपारी मी आणि सावंतमामा तिच्यातले पंखे काढायला गेलो. पहिल्या फेरीपासून तिची देखभाल मामांनीच केली होती. वीज तोडलेली होती, वारा पडलेला होता. तरी प्रवाशांनी धरायच्या कड्या हलत होत्या, गाडी धावत असल्यासारख्या. इतकी वर्षं वाहिलेली माणसं लोखंडातून कधी पुरती उतरत असतील का, असं मनात आलं.

काम आटोपून मी दाराकडे वळलो, तर त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"थांब," ते हळूच म्हणाले, "आधी त्यांना उतरू दे."

मी नकळत अंग चोरून उभा राहिलो.