चौदा हजार तीनशे एक्कावन्न

आमचे बाबा वर्कशॉपमध्ये गिअर कापायचे. मी तिथलंच स्टोअर सांभाळते. त्यांचा लाडका आकडा चौदा हजार तीनशे एक्कावन्न. नवा माणूस सापडला की चहा संपेपर्यंत त्याची सुटका नसे. "दोनने भागा, तीनने भागा, सातने, अकराने. दाद देणार नाही. फक्त दोघांना वश आहे, एकशे तेरा आणि एकशे सत्तावीस. आणि त्या दोघांना तर कुणीच फोडू शकत नाही."

त्यामागे धंद्यातली गोष्ट होती. एका चाकाला एकशे तेरा दाते आणि दुसऱ्याला एकशे सत्तावीस असले, की एकदा भिडलेले दोन दाते पुन्हा समोरासमोर यायला मध्ये चौदा हजार तीनशे एक्कावन्न दाते सरकावे लागतात. तेच ते सारखे घासत नाहीत, म्हणून चाकं टिकतात.

इथवर ठीक होतं. पण हे शहाणपण बाबांनी घरात आणलं.

दादा ट्रक चालवायचा. सात दिवस रस्त्यावर, आठव्या दिवशी घरी. बाबांची सुट्टीही आठव्याच दिवशी, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडायला पंख्याचं बटणही पुरायचं. एकदा ताट भिरकावलं गेलं. कुणी, ते सांगत नाही, दोघेही माझेच. दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी बदलून नववा दिवस मागून घेतला, आणि बाकीचे दिवस सलग दोन पाळ्या. घरी फक्त झोपायला. आठ आणि नऊ यांना सामाईक भाजक नाही, म्हणजे दोघांची गाठ बहात्तर दिवसांतून एकदा.

"माणसं आहेत ती, चाकं नाहीत," आई म्हणाली.

"पण घासणार नाहीत ना," बाबा म्हणाले.

भांडणं खरंच थांबली. बोलणंही थांबलं, ते मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. मला त्या हिशेबाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

शेवटच्या खेपेला निघताना दादा आईला म्हणाला, "पुढची सुट्टी एकत्र आहे ना, बसून बोलतो त्यांच्याशी. मीच सुरुवात करतो." आईने ते बाबांच्या कानावर घातलं. बाबा नवा शर्ट इस्त्रीला देऊन आले.

सुट्टीला तीन दिवस असताना उतारावर ट्रकचे ब्रेक गेले. दादा परत आला नाही. ठरलेला दिवस उजाडला तेव्हा बाबा तो शर्ट घालून संध्याकाळपर्यंत दारात बसले होते. त्यांना आत बोलवायची हिंमत आमच्यात नव्हती.

कामावर परतल्यावर पहिली ऑर्डर नेमकी त्याच जोडीची आली. बाबांनी चाकं आणून माझ्या टेबलावर ठेवली. फोरमनने दाते मोजले. एकशे वीस आणि एकशे वीस. बेरीज तीच, दोनशे चाळीस, त्यामुळे गिअरच्या पेटीत चपखल बसली असती.

"काका, हे काय केलंत? दर फेऱ्याला तोच दाता त्याच दात्यावर येणार. झिजतील की."

"झिजू देत," बाबा म्हणाले. "रोज भेटतील तरी."

जोडी नापास करणं भाग होतं. नापासाचा शिक्का स्टोअरकडे असतो. तो मलाच मारावा लागला.