झेलायची राहिलेली हाक

माझ्या भावावर फिल्म काढायला माणसं आली तेव्हा आमच्या दिवाळे गावात सगळ्यांना वाटलं, हा आता हिरो झाला. जीपमधून तिघं उतरले: दिग्दर्शक, कॅमेरावाला आणि कानांवर मोठाले डबे लावलेला आवाजवाला. थेटरात मुख्य पिक्चरच्या आधी माहितीपट दाखवायचे, त्यातलाच हा एक होणार होता. म्हणजे लोक ज्या वेळात बाहेर शेंगदाणे घेत उभे राहतात, त्या वेळात माझा भाऊ पडद्यावर येणार. मी हे त्याला सुनावलं तर तो हसला. त्याला कशाचंच काही वाटत नसे आणि मला सगळ्याचंच वाटे.

तो मुंबईला चित्रकला शिकून परत खाडीवर आला होता. गावात होड्यांना इंजिनं बसली तशी जुनी शिडं पडून राहिली. ती धुऊन, ताणून तो त्यांवर चित्रं काढायचा. चित्रात माणसं नसत. ओहोटीचा चिखल, त्यात रुतलेल्या काठ्या, पाणी गेल्यावर मागे उरलेल्या रेघा. "चिखल बगाला चित्र कशाला पायजे? दार उघरा नी बगा," असं गावातले म्हातारे म्हणत. मुंबईत त्याच चिखलासमोर लोक हात मागे बांधून उभे राहत. मला दोघांचाही राग यायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. होडी वळण घेऊन आत येताना होडीतला माणूस हाक देतो आणि बंदरावर जो कोणी असेल तो ती झेलतो, म्हणजे उलट हाक देतो. धुक्यात काठ कुठे आहे ते कळावं म्हणून कधीतरी हे सुरू झालं असेल. पण आमच्या बायकांना कारण विचारू नका. पाण्यावरची हाक खाली पडू द्यायची नाही, बस्स. पडली तर पाणी ती ठेवून घेतं. हाक झेलण्यात माझ्या आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. मासळीबाजारात तिच्या शेजारी बसायला बायका कुरकुरत, असा तिचा गळा.

दिग्दर्शकाला ही हाक फार आवडली. भावाने होडीतून एकट्याने यावं आणि हाक द्यावी, पण उत्तर नको. उत्तर न मिळणं हेच कलावंताचं जगणं, असं काहीसं तो म्हणाला. भावाने हाक दिली आणि सुकत घातलेल्या जवळ्यामागून आईने ती झेलली. पुन्हा घेतलं, आईने पुन्हा झेलली. तिला समजावलं. तिने मान हलवली, तोंडात पदर कोंबला, आणि हाक आली तसा पदर काढून झेललीच. आवाजवाल्याने कपाळाला हात लावला. शेवटी भावानेच सांगितलं, "आये, तू घरा जा. आजच्या दिस माजी हाक झेलू नको."

आई गेली. या वेळी हाक खाडीवर गेली आणि कोणी ती झेलली नाही. भावाने सवयीने कानाला हात लावला, थोडं थांबला आणि ओशाळून हसला. दिग्दर्शक खूश झाला. मी घरी आले तर आई दारातच बसलेली. "हाक मोकली गेली नी?" एवढंच म्हणाली.

पावसाळ्यात भावाला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग पनवेलचा डॉक्टर, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तोवर उशीर झाला होता.

आई रडली आणि मग घरातच बसली. बंदरावर जाईना. पाण्यावरून कोणाचीही हाक आली की कान झाकून आतल्या खोलीत जायची. "मीच खाली पारली ती हाक," म्हणायची. मी चिडायचे. कावीळ पाण्यातून होते, हाकेतून नाही, हे तिला कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस तिने विचारलं, "त्या फिलिममदी ती हाक हाय का गं? असल तं मना आयकाची हाय." तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चित्र तिला दिसणार नव्हतंच. तिला फक्त ती हाक हवी होती.

आता ही फिल्म शोधायची कुठे? माहितीपटाची जाहिरात लागत नाही, पोस्टरवर त्याचं नाव नसतं. दिग्दर्शकाला फोन केला तर म्हणाला, फिल्म थेटरांत फिरतेय, कुठे ते सांगता येणार नाही. झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली. मी बेलापूरच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. सुटी मिळाली की ठाणे, कुर्ला, दादर, पनवेल. तिकीट काढायचं, आत बसायचं, धरणं आणि गव्हाच्या नव्या जाती बघायच्या आणि पिक्चर सुरू झाला की उठायचं. कितीतरी पिक्चरची फक्त नावं पाहिली, गोष्ट अजून माहीत नाही. डोअरकीपरना वाटायचं, मी कोणाला तरी भेटायला येते. वाटो. घरी गेले की आई "गावली का गं?" विचारायची आणि मी नाही म्हणायचे. आत्ता या क्षणी तो कुठेतरी पडद्यावर असेल आणि लोक बाहेर शेंगदाणे सोलत असतील, या विचाराने जीव नुसता तळमळायचा.

एका बुधवारी पनवेलला ती सापडली. पडद्यावर आमची खाडी आली, मग भाऊ आला. त्याचे ओठ हलत होते आणि बोलत होता कोणी भलताच, घोगऱ्या आवाजात, हिंदीत. 'सागरपुत्र' म्हणे! खुर्ची उचलून पडद्यावर फेकावी असं वाटलं. सगळ्या फिल्मभर माझ्या भावाच्या तोंडचा एक शब्द ठेवला नव्हता. अगदी शेवटाला मात्र मागे वाजणारी सतार थांबली, होडी वळली आणि त्याची हाक आली. "आये... होऽऽ!"

मी तोंडावर हात दाबून धरला. ती झेलायची माझी नव्हती.

शुक्रवारी रीळ बदलणार होतं. गुरुवारी कचेरीला दांडी मारून मी आईला एसटीत बसवलं. नवं शहर वसवायला भरावाची माती वाहणारे डंपर सगळीकडे, त्यातला एक नेमका रस्त्यात आडवा रुतला होता. एसटी हलेना. मी कंडक्टरशी भांडले, ड्रायव्हरशी भांडले. ट्रक मात्र बाजूच्या शेतातून काढत होते. मी उतरून एक थांबवला. कळंबोलीला लोखंड घेऊन निघालेला होता. ड्रायव्हर बिचारा भला. त्याने आईला हात देऊन वर घेतलं आणि कळंबोलीला आम्हाला रिक्षासुद्धा करून दिली.

आम्ही थेटरात शिरलो तेव्हा दिवे मालवले होते आणि तो घोगरा आवाज सुरू होता.

"ह्यो कोन बोलतंय?" आईने विचारलं. तिला हळू बोलता येतच नाही.

"दुसराच कोनी. थांब जरा."

"नी तो कवा बोलंल?"

पुढचा एक जण वळला. "मावशी, टेन्शन नका घेऊ. पिक्चर अजून सुरू नाय झाला."

सतार थांबली. मी आईचा हात धरला. हाक आली, आणि आईने माझा हात झटकून टाकला. ती उभी राहिली आणि सगळं थेटर दणाणलं, "हो रंऽऽ बाला! हाय मी! येऽऽ!"

शिट्ट्या पडल्या. लोक हसले. "बसा खाली" म्हणून कोणी ओरडलं. पडद्यावर भावाने कानाला हात लावला, थोडं थांबला आणि हसला. कालच मी हे पाहिलं होतं, तेव्हा ते हसू मला पोरकं वाटलं होतं. आज ते आईच्या हाकेमागोमाग आलं.

"आये, हसला तो," मी तिच्या कानात म्हणाले. मला रडू आवरेना.

"हसनारच," ती बसत म्हणाली. "कवरा उशीर केला मी."

पिक्चर सुरू व्हायच्या आत आम्ही बाहेर पडलो. दिवाळ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भरती लागली होती. घराच्या वाटेवर असताना खाडीवरून हाक आली. मी सवयीने आईला आत न्यायला वळले. ती जागेवर नव्हती. बंदराच्या कडेला उभी राहून ती हाक झेलत होती. गळा थेटरात बसला होता, तरी झेलत होती.

"कोनाची होरी?" मी विचारलं.

"कोनाची का असंना," आई म्हणाली. "घरा येतंय नी कोनतरी."