महुआखालची माती

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर मानपूरच्या घाटात उतारावरचं शेत घेतलं. मातीचे दोन नमुने तपासायला दिले, एक जंगलातला, एक नांगरलेल्या शेतातला. रिपोर्टात मातीच्या कसात शेतानं जंगलाला मागे टाकलं! हे आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "भिया, नांगरट असावी तर अशी!"

मी विचारलं, "अहो, शेतात खोदलं कुठं?"

"बांधावरच्या महुआच्या सावलीत. ऊन कसलं होतं गं!"

तिथं रोज दुपारी गावच्या बकऱ्या बसतात, लेंड्या टाकतात. मी ह्यांना परत उतारावर पिटाळलं, भर उन्हात.

दुसरा रिपोर्ट ह्यांनी कुणालाच दाखवला नाही. नांगरलेली चांगली माती पावसाबरोबर केव्हाच शेजाऱ्याच्या खालच्या शेतात गेली होती. आता तिथला गहू डुलताना दिसला, की हे हळूच म्हणतात, "माती तर आपलीच आहे ना!"