तेलुगूतलं 'पिल्ल'

मंडळी, आज डोकं ठिकाणावर नाही. हैदराबादला लेकीनं मांजरांच्या कॅफेत नेलं. रस्त्यावरची मांजरं तिथून लोक घरी नेतात. पण आधी चौकशी किती! घरात कोण कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का.

नव्वदच्या दशकात आदिलाबादच्या कापूस मार्केटजवळ माझ्या आईचं चहाचं हॉटेल होतं. कुणीतरी टाकून दिलेली मांजराची पिल्लं ती गिऱ्हाइकांना द्यायची. "आमी पिल्लं चांगल्या घरी देतो, नेता काय?" असं सगळ्यांना विचारायची.

एकदा कडेवर पोर घेतलेल्या, थोडंफार मराठी कळणाऱ्या एका तेलुगू बाईनं ते ऐकलं. तेलुगूत 'पिल्ल' म्हणजे मुलगी. तिनं पोरीला आईसमोर बाकड्यावर बसवलं आणि म्हणाली, "ना पिल्लनि कूडा." म्हणजे, माझ्या पोरीलाही द्या.

आईनं टोपलीतलं मांजराचं पिल्लू उचलून दाखवलं. बाई समजली. पोरीला उचलून तोंडाला पदर लावून निघाली.

"थांब वो बाई, दूध तरी पाज तिले!" म्हणत आई मागं धावली. ती थांबली नाही.

त्यानंतर आई 'मांजर नेता काय?' असंच विचारायची.

पण त्या बाईला 'घरात कोण कोण असतं?' असं कुणी कधी विचारलं असेल का हो?