सासूबाईंची कृती

कुंभकोणमला आमच्या वरच्या मजल्यावर राहते ती. प्रोग्रॅमर आहे. सोर्स कोडात, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरात, लिहिलेल्या माहितीतून हव्या त्या मथळ्याखालचा मजकूर तिची स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्रॅम, वेचून काढते. बोलणं मोजकं. हसू आलं की चष्मा पुसते.

दारासुरमच्या नणंदेला पाककृती हव्या होत्या. माझी जुनी वही हिने टाइप केली. मी म्हटलं, "फक्त 'कृती' मथळ्याखालचं काढ." डांगर आलं, कढी आली, मागोमाग 'सासूबाईंची कृती' आली: आज पुन्हा गूळ लपवला. विशीतली मी भारी शहाणी, सूडही सुवाच्य अक्षरात. नणंदेने आपल्या आईबद्दलचं हे वाचलं असतं तर माझं तोंड पाहिलं नसतं.

हिने चष्मा पुसला, स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. नुसत्या पाककृती उरल्या.

"गाळलेलं पुसून टाक गे."

"राहू द्या, आजी. मलाही सासू आहे."